कुलपाचं खट्ट आणि सूनबाईची दोरी

सोमवार, ४ मार्च

सूनबाईने आज एक कोरी डायरी हातात ठेवली. म्हणाली, "बाबा, कारखान्यात एवढे बदल करतोय, तर मनात काय येतं ते लिहून ठेवा." मी म्हटलं, माझ्या मनात येतं ते तोंडात येतंच, लिहायचं कशाला? त्यावर ती काहीतरी बोलली ते मला समजलं नाही. मुलगी हुशार आहे, पण पुटपुटते फार. हल्ली घरात सगळेच पुटपुटतात.

तर लिहितो. आमचा कुलपांचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची शेड. वडिलांनी सुरू केली, मी वाढवली. ठोक व्यापाऱ्याने परवा निर्वाणीचं सांगितलं की माल वेळेवर द्या, नाहीतर आम्ही दुसरं दार ठोठावतो. चिरंजीव माल खपवायला गावोगाव फिरत असतात, त्यामुळे शेडला शिस्त लावायचं काम सूनबाईने अंगावर घेतलंय. ती आधी पंपांच्या मोठ्या कारखान्यात होती. तिथे शिकलेल्या पद्धतीचं नाव 'लीन'. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना गोळा करून ती म्हणाली, "आपल्याला लीन व्हायचंय."

मी विचारलं, "कुणापुढे?"

सगळे हसले. तीही हसली. मग समजावलं की लीन म्हणजे सडपातळ. वाया जाणारी जागा, वेळ, पायपीट, एकमेकांसाठी ताटकळणं, हे सगळं अंगावरून उतरवायचं. मग सडपातळ म्हण ना बाई, सरळ!

मी एकच अट घातली. माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. तयार झालेलं प्रत्येक कुलूप शेवटी माझ्याकडे येतं. मी डोळे मिटतो आणि कडी दाबतो. आतला खटका नीट बसला तर खट्ट वाजतं. खट्ट वाजलं की पास. खटका ढिला असेल तर आवाज बसका येतो, आणि तसलं कुलूप एका हिसक्यात उघडतं. ही कानाची परीक्षा मला वडिलांनी शिकवली. माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही कुलूप या शेडबाहेर पडलेलं नाही. त्या खुर्चीवरून उठलो तर मी करायचं काय, हे मला खरंच माहीत नाही. सूनबाई "बरं" म्हणाली.

गुरुवार, ७ मार्च

आज आवराआवर. जी वस्तू कुणी वापरत नाही तिला लाल चिठ्ठी चिकटवायची आणि दाराजवळ नेऊन ठेवायची. दुपारपर्यंत दाराजवळ जत्रा भरली. मोडका पंखा निघाला. वडिलांच्या काळातलं एक यंत्र निघालं, ते कशाचं आहे हे कुणालाच सांगता येईना. सौ.ची कधीची हरवलेली चाळणी निघाली. तिच्यात आमचा जोडणीवाला स्क्रू धुवायचा. सौ.ने ती त्याच्या डोक्यावर आपटायची बाकी ठेवली.

मग सूनबाई कानसमास्तरांपाशी गेली. हे माझ्याच वयाचे, कड्या कानशीने घासण्यात हयात गेलेली, बोलणं मोजकं. त्यांच्या स्टुलाचा एक पाय आखूड, खाली वीट.

"ही वीट का?"

"चालवून घेतो."

"आणि दिवा इतका मंद का?"

"चालवून घेतो."

सूनबाईने तिथेच जाहीर केलं की या शेडमधली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे 'चालवून घेऊ'. यापुढे जो हे म्हणेल त्याने सगळी शेड झाडायची. मला हे पटलं. मी सगळ्यांना चांगलं सुनावलं की आळशी लोकांचा शब्द आहे हा. थोड्या वेळाने सूनबाईने विचारलं, "बाबा, तुमच्या खिडकीची ही कडी तुटलीय?" मी म्हटलं, "असू दे गं, चालवून घेऊ."

शेड चांगली मोठी आहे. झाडताना कळलं.

मंगळवार, १२ मार्च

शेडमध्ये आता मोकळं चालता येतं. कानसमास्तरांना नवीन स्टूल मिळालं, बसल्यावर ते उंच वाटायला लागले.

दोन गोष्टी मनाला लागल्या, त्या इथेच लिहितो. जोडणीवाल्याला आम्ही गुणगुण्या म्हणतो, कारण हात चालला की त्याचा गळा चालायचा. हल्ली तो गुणगुणत नाही. लग्न झाल्यापासून गंभीर झालाय बहुतेक. त्याला म्हटलं, "अरे, गात जा." तो माझ्याकडे बघतच राहिला.

दुसरी गोष्ट सौ.ची. पूर्वी ती मागच्या दारात उभी राहून चहाला हाक मारायची, सगळ्या शेडला ऐकू जायची. आता येते आणि बाही ओढते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हाक मारायचाही कंटाळा येत असेल. माणूस जुना झाला की असंच.

शनिवार, १६ मार्च

दोरी बांधली. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येकाच्या डोक्यावरून. टोकाला घंटा. कुणालाही काही चुकीचं दिसलं की दोरी ओढायची. घंटा वाजली की सगळं काम थांबणार आणि सगळ्यांनी तिथे जायचं. ओढणाऱ्याला आधी म्हणायचं, "बरं झालं ओढलीस." मग पुढचं बोलणं. रागवायचं नाही, दोष द्यायचा नाही.

मी म्हटलं, ही तर उलटीच गंगा. इथे काम बंद पाडणाऱ्याला आजवर शिव्या मिळत आल्या. सूनबाई म्हणाली, "म्हणूनच तर चुका लपून राहतात, बाबा." हे मात्र तिने अगदी समोर येऊन, स्पष्ट बोलून दाखवलं. असं बोललं की कसं बरं वाटतं.

शुक्रवार, २२ मार्च

आठवडा होत आला, घंटा एकदाही वाजली नाही. मला याचा अभिमान वाटावा की काळजी, कळत नाही. माणसं घाबरत असतील. मी मान वर करतो तेव्हा हे कधी गुणगुण्याच्या टेबलाभोवती, कधी पत्र्याच्या दाबयंत्रापाशी घोळका करून उभे. दोरी ओढायला नको, गप्पा मारायला बरं!

आज सूनबाईला तसं बोललो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. संध्याकाळी तिने घंटेच्या जोडीला एक लाल दिवा बसवला, तोही बरोबर माझ्या टेबलासमोर. मी विचारलं, माझ्याच डोळ्यांत का? म्हणाली, "तुम्ही मालक ना!" हे पटण्यासारखं आहे. घंटा तशीही कुचकामी होती, नुसता खुळखुळा.

शनिवार, २३ मार्च

दिवा लागला! सकाळीच! गुणगुण्याने ओढली. खटक्याची खाच तिरकी कापली जात होती. मी धावत गेलो आणि सगळ्यांत आधी म्हटलं, "बरं झालं ओढलीस! पहिला मान तुझा!" त्याने कानसमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान डोलावली. मग गुणगुण्या म्हणाला, "हो दादा, माझाच पहिला."

आज दिवा आणखीही लागला. एकदा भीड चेपली की माणसं कशी मोकळी होतात बघा.

गुरुवार, २८ मार्च

आज मी सूनबाईची शिकवणी तिच्यावरच उलटवली. फार मजा आली.

तिने भिंतीवर शेडचा नकाशा लावला होता. प्रत्येक टेबलाच्या जागी टाचणी, आणि कुलूप जिथून जिथे फिरतं तिथून तिथे दोरा. दोरा जितका लांब तितकी पायपीट फुकट. सगळा दोरा तिने छान सरळ आणला होता. पत्रा, जोडणी, कानस, माझं टेबल. पण माझ्या टेबलापासून दोरा पॅकिंगला जायच्या ऐवजी मागच्या खोलीत धाकटीकडे जात होता, आणि मग पुन्हा पुढे पॅकिंगला येत होता. धाकटी म्हणजे माझी बहीण. कोठीचं काम बघते, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, अजून माझ्यासमोर आवाज चढवत नाही.

मी विचारलं, "हा वळसा कशाला? पास झालेलं कुलूप मागे का जातं?"

 सूनबाईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली, "असू दे ना दादा. मी नुसती पुसून ठेवते. सवय आहे मला."

"पुसायला फडकं पॅकिंगलाही मिळतं!"

सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढा एक वळसा सध्या राहू दे."

मी म्हटलं, "का म्हणून? मालकाच्या बहिणीला वेगळा नियम? हे चालवून घेणंच झालं की!" आणि टाचणी उपटून दोरा स्वतः सरळ केला. एकही जण हसला नाही. धाकटीचे डोळे भरून आले होते. काम गेलं असं वाटलं असेल बिचारीला. तिला जवळ घेऊन सांगितलं की कोठी तुझीच आहे, कुणी काढत नाही तुला. ती तर आणखीच रडली.

बुधवार, ३ एप्रिल

वसतिगृहाची मोठी ऑर्डर वेळेच्या आधी गेली. वेळेच्या आधी! व्यापाऱ्याचा फोन आला होता, सूनबाईने घेतला. फोनवर मला बोलायला आवडत नाही, लाइन कायम खराब. तो खूश आहे म्हणाली. मीही खूश. सौ.ला म्हटलं, वडील असते तर आज खांद्यावर हात ठेवला असता. तिने माझ्या बाहीचं बटण उगाचच नीट केलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

वसतिगृहातून कुलपं परत आली. खोकं भरून. पोरांनी हिसका दिला की उघडतात म्हणे. आमची कुलपं!

मी तडक कानसमास्तरांवर घसरलो. नियम, दोरी, दोष द्यायचा नाही, सगळं विसरलो. ते ऐकून घेत उभे राहिले. मग सूनबाईने सगळ्यांना बसवलं. तिच्या पद्धतीत चूक झाली की 'का' विचारत तळापर्यंत जायचं.

कुलूप का उघडलं? खटका ढिला. खटका का ढिला? स्प्रिंग कमजोर. कमजोर स्प्रिंग आत कशी आली? पुरवणाऱ्याच्या खोक्यात तसल्या काही येतातच, पूर्वीपासून. मग त्या इथेच का सापडल्या नाहीत?

 मी म्हटलं, "माझ्याकडे खट्ट वाजलं होतं. प्रत्येक कुलूप वाजलं होतं."

 मग कानसमास्तर उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि झाडायला लागले. 'चालवून घेऊ' तर कुणी म्हटलंच नव्हतं! धाकटी धावली आणि तिने त्यांच्या हातातून झाडू घेतला. तेवढ्यात गुणगुण्या उठून तिच्या हातातून ओढायला लागला. झाडण्यावरून मारामारी मी पहिल्यांदाच पाहिली. सूनबाईने बैठक तिथेच थांबवली.

मला आज काहीच बरं वाटत नाहीये.

रविवार, १४ एप्रिल

आज सुट्टी. शेडमध्ये मी एकटा. परत आलेली कुलपं टेबलावर घेतली. एक दाबलं. खट्ट. हिसका दिला, उघडलं. चांगलं कुलूप घेतलं. खट्ट. हिसका दिला, उघडलं नाही. पुन्हा खराब, पुन्हा चांगलं. दोन्हींचं खट्ट अगदी सारखं.

मग एक कुलूप खोललं. आतला खटका काढला, स्प्रिंग काढली. आत वाजायला काही उरलंच नाही. तसंच बंद केलं, डोळे मिटले, कडी दाबली.

खट्ट.

मी कितीतरी वेळ ते रिकामं कुलूप दाबत बसलो. प्रत्येक वेळी खट्ट. हाताला माहीत आहे आवाज कधी यायचा ते, आणि हात तो स्वतःच वाजवतोय. कान केव्हाच सोडून गेलेत.

बाही ओढली गेली. सौ. होती. मी विचारलं, "तू हाक मारली होतीस?"

ती मान हलवून हो म्हणाली.

"रोज मारतेस?"

ती समोरच्या स्टुलावर बसली. माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "रोज मारते. आधी दारातून मारते. तुम्ही वळून बघत नाही, मग येते."

"कधीपासून?"

"झालं की बरंच. म्हटलं, सांगितलं तर तुम्ही खुर्ची सोडाल आणि मग खाणंपिणंही सोडाल. म्हटलं, चालवून घेऊ."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. घंटा वाजत होती. गुणगुण्या गात असणार. आणि माझी धाकटी बहीण मागच्या खोलीत बसून, मी पास केलेलं प्रत्येक कुलूप पुन्हा दाबून ऐकत होती. तो दोरा मी स्वतःच्या हाताने उपटला आणि वर तिलाच धीर दिला! मला हसू आलं, मग रडू आलं. सौ.ने दोन्ही होऊ दिलं. चहा निवून गेला होता, तसाच प्यायलो. कानसमास्तरांना मी काय काय बोललो ते आठवून मान वर होईना.

सोमवार, १५ एप्रिल

सकाळी सगळे कामाला लागल्यावर मी दोरी ओढली.

लाल दिवा लागला. घंटाही वाजली असणार. सगळे धावत आले, आणि मीच ओढली म्हटल्यावर जागच्या जागी थबकले. रात्री मनात मोठं भाषण जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मला ऐकू येत नाही."

 मग कानसमास्तर पुढे आले, माझ्या तोंडासमोर तोंड आणून ओरडले, "बरं झालं ओढलीस!" एवढ्या वर्षांत या माणसाचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला. ऐकला बरं का, खरंच ऐकला. मागोमाग सगळे ओरडायला लागले, बरं झालं, बरं झालं. धाकटी गळ्यात पडली. कानसमास्तरांचे हात धरून मी माफी मागितली. ते म्हणाले, "चालवून घे—" आणि जीभ चावली. झाडू मीच घेतला. म्हटलं, आज सगळ्यांच्या वाटणीचं मी झाडतो, कारण सगळ्यांनी चालवून घेतलंय ते मलाच.

माझ्या टेबलावर आता धाकटी बसेल. तिला खुर्चीवर मीच बसवलं. 

सूनबाई मागे उभी होती. तिला म्हटलं, "झालो बघ लीन."

ती अगदी समोर येऊन म्हणाली, "कुणापुढे?"

कार्टी माझाच विनोद माझ्यावर उलटवते! म्हटलं, "सगळ्यांपुढेच, बाई."

शनिवार, ४ मे

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही बिघडलं नाही. वसतिगृहाला बदली कुलपं पोचली. व्यापारी कुरकुरला, पण दुसरं दार ठोठावायला गेला नाही.

मला नवीन जागा मिळाली. दारातून आत आलं की पहिलंच टेबल. पुरवणाऱ्याचं खोकं आलं की प्रत्येक स्प्रिंग मी अंगठा आणि तर्जनीत दाबून बघतो. कमजोर स्प्रिंग शेडच्या आत पाऊल टाकत नाही. सूनबाई म्हणते, चूक शेवटी पकडण्यापेक्षा सुरुवातीलाच अडवलेली बरी. बोटांना ऐकू चांगलं येतं. शेवटचा होतो तो पहिला झालो, बढतीच म्हणायची.

आणि कानात यंत्र आलंय. त्यावर सौ. म्हणाली, "जन्मभर मला धड कानातलं घेतलं नाहीत, स्वतःला बरं घेतलंत!" हे ती पुटपुटली होती. मला ऐकू आलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती एवढी वर्षं काय काय पुटपुटत होती, याची आता मला धास्ती वाटते.

शेड भलतीच गोंगाटाची आहे. कानशीचा करकराट, पत्र्याचा दणदणाट, आणि गुणगुण्या. तो दिवसभर एकाच गाण्याची एकच ओळ म्हणतो, तीही बेसूर. याला मी "गात जा" म्हणून आग्रह केला होता! घंटा चांगली खणखणीत आहे, उगाच नावं ठेवली.

दुपारी हात थांबवून बसलो होतो. पलीकडून धाकटीच्या टेबलाचा आवाज येत होता. खट्ट. खट्ट. मग एक बसका. तिने ते कुलूप लगेच बाजूला काढून ठेवलं. वडिलांसारखेच डोळे मिटून बसते.

तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली. "अहो, चहा!" स्वच्छ, सगळ्या शेडवरून, पूर्वीसारखी.

मी मुद्दाम वळून बघितलं नाही. म्हटलं, आणखी एकदा मारू दे.